गल्लीत खटपट केंद्र सुरू करायचंय? मग आधी या गोष्टी ठरवा

बारा ते सतरा वयाच्या, हाताला सतत चाळा लागणाऱ्या पोरापोरींसाठी आठवड्यातून एक दुपार उघडी असणारी खोली, कपाटभर हत्यारं आणि दोन जाणती माणसं. खटपट केंद्र एवढ्यावर उभं राहतं. बेळगाव शहर, आजूबाजूची गावं, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातल्या युवक मंडळांना, वाचनालयांना, माजी विद्यार्थ्यांच्या गटांना ते सहज झेपतं. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते शाळेला. मंडळाला ते मिळत नाही आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. अशी केंद्रं पैशावाचून क्वचितच बंद पडतात. किल्ली एकाच माणसाकडे असते, त्याच्या घरी लग्न निघतं, तीन शनिवार कुलूप राहतं आणि चौथ्या शनिवारी कोणी फिरकत नाही. म्हणून पहिला नियम: किल्ल्या तीन करा, तीन वेगळ्या घरी ठेवा.

मुलं कशी निवडायची

शाळेकडे ‘हुशार मुलांची यादी’ मागू नका. टक्केवारीच्या क्रमाने नावं येतील आणि त्यातली निम्मी मुलं शनिवारी ट्यूशनला असतील. तुम्हाला हवी ती पोरं दिवाळीत सापडतात. गल्लीगल्लीत किल्ले होतात तेव्हा एक संध्याकाळ फिरा. मावळे सगळेच मांडतात. पण बुरुजाची माती पावसाच्या सरीने ढासळली तर खाली पोतं घालून पुन्हा उभारणारा, सलाईनच्या नळीतून तळ्यात पाणी खेळवणारा, जुन्या मोबाइलच्या चार्जरवर दिवे लावणारा पोरगा कोण, ते विचारून नाव लिहून घ्या. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधी मंडळाच्या मांडवात रात्री कोण वायरी जोडत बसतं आणि गणपतीच्या हलत्या देखाव्याची मोटार अडली की कोणाला हाक मारतात, हेही बघा.

या रीतीने बहुधा मुलगेच हाती लागतात, हे लक्षात असू द्या. मुली किल्ल्यावर कमी दिसतात, मांडवात त्याहून कमी. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकर घरांतून, शिवणक्लासमधून, बचत गटाच्या बायकांकडून चौकशी करा. आईच्या शिलाई मशीनचा शटल काढून साफ करून परत बसवणारी मुलगी मुद्दाम शोधल्याशिवाय यादीत येत नाही. पहिल्या वर्षी एकूण बारा मुलं घ्यायची, त्यांतल्या पाच-सहा जागा मुलींसाठी आधीच राखून ठेवा. नंतर भरू म्हटलं की त्या भरत नाहीत.

तीसेक नावं झाली की एक परीक्षा घ्या, लेखी नको. तिघातिघांचे गट करा. प्रत्येक गटाला वर्तमानपत्राची दहा पानं, एक मीटर सुतळी आणि चिकटपट्टीचं एक रीळ द्या. दोन बाकांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवून एक किलो वाळूची पिशवी पेलणारा पूल ४० मिनिटांत करायला सांगा. पूल उभा राहतो की नाही याला फारसं महत्त्व देऊ नका, पहिल्यांदा कोसळल्यानंतरची पाच मिनिटं बघा. कोण कुठे वाकलं ते निरखतं, कोण दुसऱ्याच्या गटातली युक्ती उचलून सुधारतं, कोण हातावर हात ठेवून हसत बसतं, ते वहीत टिपा. एक अडचण ठरलेली आहे: मोठ्या आवाजाचा मुलगा चिकटपट्टी ताब्यात घेतो आणि बाकीचे दोघं प्रेक्षक होतात. म्हणून वीस मिनिटांनी रीळ दुसऱ्याच्या हातात गेलंच पाहिजे असं आधी सांगून ठेवा. पहिल्या वर्षी बारा मुलं पुरे. पंधरापुढे गेलात तर पक्कडसाठी रांग लागते आणि रांगेत भांडणं होतात.

वार, जागा आणि वीज

आपल्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा शनिवारी दुपारी अडीच ते साडेपाच ही वेळ उत्तम. साडेपाचला थांबायचंच, नाहीतर खेड्यावरच्या मुलींची बस चुकते आणि पुढच्या आठवड्यात घरचे पाठवत नाहीत. मे अखेरीस शाळा सुरू झाल्या की जूनच्या दुसऱ्या शनिवारी आरंभ करा आणि फेब्रुवारीत काम आटोपतं घ्या. मार्चपासून दहावीच्या मुलांना ओढण्यात अर्थ नाही. गणपतीत दोन शनिवार सुट्टी धरूनच चाला. १ नोव्हेंबरला, म्हणजे राज्योत्सवाच्या आणि सीमाभागातल्या काळ्या दिवशी, कसलाही कार्यक्रम ठेवू नका. का, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

जागा साधारण ३०० चौरस फूट हवी. समाजमंदिर, मंडळाचा हॉल, देवळाची ओसरी, शाळेची रिकामी खोली, काहीही चालेल. अट इतकीच की कपाट तिथेच राहिलं पाहिजे. दर शनिवारी हत्यारं उचलून आणायची व्यवस्था महिन्यात कोलमडते. वायरमनला बोलावून स्वतंत्र बोर्ड करून घ्या. त्यावर १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, आरसीसीबी शॉक लागला तर क्षणात वीज तोडतो. दोघांचं काम वेगळं आहे, एकावर भागवू नका. अर्थिंग तपासून घ्या. जुन्या समाजमंदिरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनेला आत वायरच नसते.

बाहेर पाटी लावणार असाल तर कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, त्याप्रमाणे रंगवून घ्या. आत कामाच्या वहीत मुलं मराठीत लिहोत, कन्नडमध्ये लिहोत, उर्दूत लिहोत. हत्यारांच्या खणांवर मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या डकवा. एकाच गल्लीतली पोरं वेगवेगळ्या माध्यमांत शिकतात आणि मदतीला येणारा मिस्त्री तिसरीच भाषा बोलतो.

शिकवणार कोण

एक कारागीर आणि एक विद्यार्थी, अशी जोडी जमवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला टर्नर (लेथ चालवणारा), फौंड्रीतला साचे करणारा पॅटर्नमेकर, माग दुरुस्त करणारा जॉबर, वायरमन, खानापूरकडे असाल तर कुंभार. खानापुरात मातीकामाचं शिक्षण देणारी खादी ग्रामोद्योगाची संस्थाही आहे. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शनिवारी नसते, म्हणून कारागिराला महिन्यातून एकदा, त्याच्या सोयीने बोलवा आणि येण्या-जाण्याच्या खर्चाबरोबर मानधनही द्या. ‘समाजकार्य आहे’ म्हणून त्याचा अर्धा दिवस फुकट मागणं बरं दिसत नाही.

विद्यार्थी इंजिनिअरिंगचे घ्या. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नियमित विद्यार्थ्यांना पदवीसाठी १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट मिळवावे लागतात आणि ते समाजोपयोगी कामाचे असतात. कॉलेजच्या समन्वयकाला आधी भेटून हे काम त्यात धरलं जाईल का ते लेखी विचारा, हजेरीपत्रक ठेवा. त्यामुळे हे विद्यार्थी सेमिस्टरभर टिकतात. शिकवताना मात्र त्यांना आवरावं लागतं, कारण पहिल्याच दिवशी त्यांना रोबोट करायचा असतो.

खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस अशी वेळ येऊ द्यायची नाही, दार उघडं ठेवायचं. पालकांची लेखी संमती घ्या आणि फोटोसाठी वेगळी सही घ्या. कारखाना दाखवायला नेलंत तर तो बघण्यापुरताच. मशीन टर्नरनेच चालवायचं. १८ वर्षांखालच्यांना धोकादायक कामाला लावणं कायद्याने बंद आहे, आणि मालक या एका भीतीने परवानगी नाकारतो. तुम्हीच आधी हे स्पष्ट केलंत तर तो निवांत होतो.

कपाट

बारा मुलांसाठी सुरुवातीला लागतं ते असं:

- हॅकसॉ फ्रेम २, ब्लेड १२ (जाड तुकड्याला इंचाला १८ दात्यांचं, पत्र्याला आणि पातळ पाइपला २४ दात्यांचं, पातळ पत्र्याला १८ चं वापरलं तर दाते तुटतात)
- पक्कड ४, नाकाची पक्कड २, स्क्रू ड्रायव्हरचे संच २, कानस गोल, चपटी आणि अर्धगोल
- चार इंची बाकावरचा वाईस १, जाड फळीला बोल्टने आवळलेला
- १० मिमी ड्रिल मशीन १, हे मोठ्याच्या हाताखालीच
- २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न २, स्टँडसह
- मल्टिमीटर २, मीटरटेप ३, व्हर्नियर १, ५ किलोचा डिजिटल काटा १, झुलता काटा १
- डोळ्यांवरचे चष्मे प्रत्येकाला एक, प्रथमोपचार पेटी, वाळूची बादली, २ किलोचं अग्निशामक

बाकीचं भंगारात मिळतं. एवढ्याचा खर्च साधारण १५ ते २० हजार येतो. वाईस स्वस्तातला घेऊ नका, जबडा सैल झाला की तुकडा निसटतो आणि हात कापतो. सोल्डरिंगची शिशाची तार वापरल्यावर हात धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावू द्यायचा नाही. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. पावसाळ्यात, खानापूरच्या बाजूला तर फारच, लोखंड आठवड्यात तांबूस होतं. दर शनिवारी शेवटची दहा मिनिटं तेलाच्या फडक्याने पुसण्यासाठी राखा. कपाटाच्या दारावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवा, म्हणजे काय परत आलं नाही ते कुलूप लावतानाच कळतं.

पहिले चार शनिवार: मोडतोड

बनवायला लगेच घेऊ नका. जुना मिक्सर, टेबलफॅन, कॉम्प्युटरची सीडी ड्राइव्ह, सायकलचं फ्रीव्हील आणून खोलायला द्या. मायक्रोवेव्ह, जुना खोकेवाला टीव्ही, इन्व्हर्टर आणि मोबाइलची बॅटरी यांना हात नाही. पहिल्या तिघांत वीज काढल्यानंतरही कपॅसिटर जीवघेणा भारित राहू शकतो, आणि बॅटरीला भोक पडलं तर ती पेटते. बाकीच्या वस्तूंचीही वायर आधी कापून टाका, म्हणजे कोणी प्लग लावून बघणार नाही.

एक नियम: काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर, जिथून काढला तिथल्या चित्रावर ठेवायचा. निम्मे गट पहिल्या वेळी ते करत नाहीत आणि फॅन परत जोडताना दोन वॉशर उरतात. उरू द्या. पुढच्या शनिवारी कोणाला सांगावं लागत नाही. प्रत्येकाला बांधीव, पानांवर आकडे घातलेली वही द्या. तारीख, चित्र, माप आणि ‘हा भाग इथे का आहे’ याचं एक वाक्य. पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची. पुढे स्पर्धेत ‘हे तूच केलंस का?’ असं विचारलं की ही वही दाखवता येते.

प्रश्न शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, निदान चार शनिवार. ‘शेतकऱ्यांच्या समस्या’ हा प्रश्न होत नाही. कोण, कुठे, दिवसातून किती वेळा, किती वेळ किंवा किती माल वाया, इतकं लिहिता आलं की तो प्रश्न. पोरांना दोन-दोनच्या जोडीने पाठवा: भातमळणीच्या खळ्यावर, मागावर, भाजी मार्केटात, घरातल्या चुलीपाशी. पहिल्या फेरीत काही सुचवायचं नाही, फक्त मोजायचं.

काही कल्पना दारातच थांबवा. झाकण आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा, अंधांसाठी वाजणारी काठी, थर्माकोलचं धरण, सोड्याचा ज्वालामुखी. वाईट आहेत म्हणून नव्हे, परीक्षकांनी त्या इतक्या वेळा पाहिल्यात की मुलाचं बोलणं ऐकायच्या आत त्यांचं लक्ष उडतं. शिवाय त्या काठीसाठी तुमच्या गटाने एकाही अंध माणसाला भेटलेलं नसतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. बेळगावच्या पश्चिमेकडच्या लाल मातीत आणि खानापूर तालुक्यात रताळ्याचं पीक मोठं. काढणीनंतर माती धुऊन माल बाजारात जातो, हे काम बहुतेक बायका वाकून करतात. मुलांनी आधी मोजायचं: दहा किलो धुवायला हाताने किती मिनिटं, पाणी किती बादल्या, धुण्याआधी आणि नंतरचं वजन, आणि साल खरवडलेली रताळी किती. हे आकडे नसतील तर यंत्राने फायदा झाला की नाही ते कधीच कळणार नाही.

मग हाताने फिरवायचा पिंप. ५० लिटरचा प्लास्टिक पिंप घ्या, खाद्यतेलाचा किंवा लोणच्याचा. रसायनाचा निळा पिंप कितीही धुतला तरी नको. अंगाला ४-५ सेंटिमीटर अंतरावर १० मिमीची भोकं पाडा. बाहेरून ड्रिल मारलं की आत कडा उमटतात आणि साल ओरखडते, म्हणून आतून कानस आणि सँडपेपर फिरवा. मधून पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा आस. पाइप नुसता भोकातून घातला तर थोड्याच दिवसांत तळ चिरतो. दोन्ही टोकांना आतबाहेर १५ सेंटिमीटरच्या पत्र्याच्या चकत्या, चार बोल्टने आवळा. २०-२५ सेंटिमीटरचा दांडा. लाकडी घोडीवर असा ठेवा की पिंपाचा खालचा एक तृतीयांश भाग पाण्यात बुडेल.

रताळी दहा मिनिटं आधी भिजवा. पिंप एक तृतीयांशच भरा, म्हणजे साधारण दहा किलो. जास्त भरलं तर ती एकमेकांवर घासत नाहीत, नुसती गठ्ठ्याने सरकतात. वेग मिनिटाला २५ ते ३० फेरे. मुलं हमखास जोरात फिरवतात. एवढ्या पिंपात ७० च्या आसपास फेरे झाले की रताळी भिंतीला चिकटून सोबतच फिरतात आणि धुतली जातच नाहीत. त्याहून थोड्या कमी वेगाला ती वरून आदळतात आणि साल सोलते. हे सांगू नका, तीन वेगांना तीन-तीन वेळा करून, सोललेली रताळी मोजून त्यांनाच तक्ता करू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: वेग बदलला तर भरणी तीच. पहिला नमुना पुठ्ठ्याचा, दुसरा छोट्या डब्याचा, तिसरा पिंप.

त्यानंतर तो ज्यांच्या हातात जाणार त्या बाईंना द्या आणि गप्प बसा. ‘पाणी ओतायला दुसरं माणूस लागतंय की’ असं त्या म्हणाल्या तर गटाने एका माणसाचं काम दोघांचं केलं आहे. पुढचे तीन शनिवार त्या एका वाक्यावर जाऊ द्या. एक सूचना त्यांच्याकडूनही येईलच: धुतलेलं रताळं टिकत नाही, म्हणून उद्या बाजारात जाणार तेवढंच धुवायचं. म्हणजे पिंप मोठा करायची गरजच नाही.

इलेक्ट्रॉनिक्स, लागेल तेवढंच

टाकी भरल्याचा भोंगा, पंपाची वेळ, पिल्लांच्या खुराड्यातलं तापमान, अशा कामाला आर्डिनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड पुरतो. चार ठिकाणी हमखास अडतं. स्वस्त बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही, कारण त्यावर बहुधा सीएच ३४० चिप असते आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ओळख पटवणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर वेगळा टाकावा लागतो. मोटार थेट पिनेला जोडली की बोर्ड जातो. एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंतच घ्यावेत, मोटारीला मध्ये ट्रान्झिस्टर किंवा मोटार ड्रायव्हरचं सर्किट हवं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटार लावली की लवकरच मान टाकते, त्यापेक्षा चार पेन्सिल सेल बरे. आणि मातीची ओल मोजणारी दोन दातांची पट्टी सतत वीज दिली तर आठवड्यात गंजते, मोजण्यापुरतीच वीज द्यायची. २३० व्होल्टचं काहीही मुलांच्या हातात नाही.

पैसा हातात नसेल तर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं मोफत उतरवून घ्या. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीच्या काड्या यांवर महिनाभराचं काम निघतं.

मोठ्यांचे हात

प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं की वडील रंग मारतात, सर वेल्डिंग करून आणतात आणि मुलगा पाठ केलेलं भाषण म्हणतो. खोलीत एक नियम लिहून लावा: मोठ्याने मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही. दाखवायचं असेल तर वेगळ्या तुकड्यावर दाखवायचं. अपवाद फक्त ड्रिल, वेल्डिंग आणि विजेचा, आणि तोही वहीत नोंदवायचा: ‘हे वेल्डिंग अमुक मामांनी केलं, कुठे करायचं ते मी खूण करून दिलं.’ परीक्षकाला हे वाक्य आवडतं, लपवाछपवी आवडत नाही.

स्पर्धा आणि कागदपत्रं

इन्स्पायर अवॉर्ड मानक ही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनची योजना आहे. एका शाळेतून पाच कल्पना जातात, निवडलेल्या मुलाच्या खात्यात १० हजार रुपये थेट जमा होतात. नोंदणी मुख्याध्यापकच करू शकतात, तेव्हा जूनमध्येच त्यांना भेटा. अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. शाळेच्या सॅट्समध्ये (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) कन्नडवरून लिहिलेलं नाव एक, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरं. आडनाव एका ठिकाणी आधी, दुसऱ्या ठिकाणी नंतर. हे तीन कागद पहिल्याच महिन्यात शेजारी ठेवून तपासा, दुरुस्तीला आठवडे जातात. पैसे आले की ‘तयार मॉडेल करून देतो’ म्हणणारे दुकानदारही येतात. त्यांना चहा द्या, काम देऊ नका.

शाळा सुटलेल्या मुलांनाही नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे कल्पना पाठवता येते. मागावर किंवा गॅरेजमध्ये बसणाऱ्या पोरांसाठी ही वाट लक्षात ठेवा. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचं काम कर्नाटकात कर्नाटक राज्य विज्ञान परिषद बघते. तिथे वस्तूपेक्षा मोजणी आणि तक्ते मोलाचे, म्हणून रताळ्याची वही तिथे जास्त शोभते. एखादी गोष्ट खरंच नवी वाटली तर व्हिडिओ टाकायच्या आणि वर्तमानपत्रात द्यायच्या आधी थांबा. अर्ज करण्याआधी जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं अवघड होतं.

वर्गणी आणि दुसरं वर्ष

महिन्याला ५० रुपये घ्या, ज्याला जमत नाही त्याला गुपचूप माफ करा. सगळं फुकट ठेवलं की गैरहजेरी वाढते. बाकी रक्कम मंडळाच्या गणेशोत्सवाच्या शिलकेतून किंवा गावच्या पतसंस्थेकडून मिळते. मागताना ‘विज्ञान केंद्रासाठी मदत’ असं मोघम लिहू नका. ‘वाईस एक, किंमत इतकी’ असं लिहा आणि घेतल्यावर त्यावर देणाऱ्याचं नाव रंगवा. हिशोबाचा कागद दर तीन महिन्यांनी दारावर लावा.

दुसऱ्या वर्षी जुनी सहा मुलं ठेवून सहा नवी घ्या. दहावी झालेल्यांपैकी दोघांना मदतनीस करा, त्यातली एक मुलगी असावी, आणि पहिल्या महिन्याचं मोडतोडीचं काम त्यांच्यावर सोपवा. अपुरे राहिलेले नमुने भंगारात घालू नका. वहीसकट नव्या गटाला द्या, पुढचं पान त्यांनी लिहायचं. आणि तीन किल्ल्यांपैकी एक आता या मदतनिसांपैकी एकाच्या घरी, त्याच्या आईवडिलांना विचारून.